रोजच्या वाटेवरचे अडथळे आणि सायकलचे पंक्चर

पंक्चर झाले की चाक जिथे बसले तिथल्या वाटेला आपण दोष देतो. पण काच किंवा काटा टायरमध्ये घुसलेला असतो तो बहुधा बराच आधी. मोठ्या माणसाच्या सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ४७५ फेरे होतात, आणि रबरात रुतून बसलेला काचेचा कण प्रत्येक फेऱ्याला एकदा जमिनीवर दाबला जाऊन थोडा थोडा आत ठोकला जातो. टायर जाड असेल, तर त्याला ट्यूबपर्यंत पोहोचायला कधी कधी काही दिवसही लागतात. पंक्चर टाळण्याचे निम्मे काम याच मधल्या काळात करायचे असते.

त्यासाठी आठवड्यातून एकदा, भरपूर उजेडात, सायकल उलटी करून किंवा स्टँडवर लावून दोन्ही चाके हळूहळू फिरवावीत आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग वीतवीत करून पाहावा. काचेचा कण लगेच दिसत नाही. दिसते ती रबरातली बारीक चीर, आणि तिच्या तळाशी किंचित चकाकी. बारीक दाभणाने किंवा लहान स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो बाहेरच्या दिशेने उकरावा. घाईत टोक आत दाबले, तर जे काम काच आठवडाभराने करणार होती ते आपणच करून बसतो. चीर वरवरची असेल तर काळजीचे कारण नाही. तिच्यातून टायरच्या आतले धागे दिसू लागले असतील, तर टायर बदलायची वेळ झाली असे समजावे. मागच्या टायरला जास्त वेळ द्यावा, कारण वजनाचा मोठा भाग त्याच्यावर असतो आणि पुढच्या चाकाने उभी केलेली वस्तू बरेचदा मागच्या चाकातच घुसते.

हवेकडे दुर्लक्ष हे दुसरे कारण. टायरच्या बाजूवर किती दाब असावा ते ‘पीएसआय’ किंवा ‘बार’ या एककात उठवलेले असते. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय बहुतेकांना असते, पण जाड टायर अंगठ्याला कडक लागूनही आत हवा अपुरी असू शकते, म्हणून दाब दाखवणारा पंप घरी असावा. ट्यूबमधून हवा आपोआपही हळूहळू झिरपत असते, त्यामुळे ‘कालपर्यंत तर ठीक होती’ या वाक्यावर फारसे विसंबू नये. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले, की ट्यूब रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात, साप चावल्याच्या खुणेसारखी. अशी जोडभोके दिसली तर वाटेवर काटा शोधत बसू नये. दोष हवेचा किंवा खड्ड्याचा असतो. याच्या उलट, ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त हवा भरल्याने पंक्चर टळते हा समज चुकीचा आहे. सायकल फक्त उसळते आणि ओल्या वाटेवर पकड कमी होते.

सायकल चालवताना वाटेच्या अगदी कडेने जाणे सुरक्षित वाटते, पण वाहनांच्या चाकांनी उडालेली आणि पाण्याने वाहून आणलेली काच, खिळे, तारांचे तुकडे हे सगळे तिथेच साचते. जागा असेल तर कडेपासून हातभर आत राहावे. पाऊस पडल्यावर अधिक सावध राहावे, कारण पाणी रबर आणि काच यांच्यात वंगणासारखे काम करते आणि ओली काच कोरड्या काचेपेक्षा सहज आत शिरते. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे कळत नसल्याने त्याला वळसा घालणे चांगले.

नजर दहा-पंधरा मीटर पुढे असावी, आणि ती खड्ड्यावर खिळवून न ठेवता त्याच्या बाजूने जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर ठेवावी. सायकल नजरेच्या मागे जाते. मागून कोणी येत असताना अचानक वळण घेऊन काच चुकवण्यापेक्षा काचेवरून सरळ गेलेले बरे, कारण ट्यूबला ठिगळ लावता येते. खड्डा टळणारच नसेल, तर ब्रेक आधी लावून घ्यावा, खड्ड्यावर येताना सोडावा, पेडल समपातळीत ठेवून सीटवरून किंचित उठावे आणि कोपर-गुडघे सैल ठेवावेत. मुळांमुळे उचकटलेली फरशी, गटाराच्या जाळीचे उभे गज आणि रूळ यांच्यावरून जमेल तितके काटकोनात जावे. ओली पाने, शेवाळ, लोखंडी झाकणे आणि रंगवलेले पट्टे यांच्यावर वळू नये आणि ब्रेकही दाबू नये.

काचेच्या चुऱ्यावरून गेल्याचा आवाज आला, तर पुढच्या सोयीच्या जागी थांबून दोन्ही टायर तपासावेत. चालत्या चाकावर हात धरून काच झटकण्याची युक्ती काही जुने सायकलस्वार करतात. मागच्या चाकाच्या बाबतीत हात चाक आणि फ्रेम यांच्यात अडकू शकतो, म्हणून ती करू नये.

रोजच्याच वाटेवर काच फुटलेली असेल, तर ती पायाने कडेला लोटून काही साधत नाही; ती परत वाटेवर येते. जाड तळाचे बूट आणि हातमोजे घालून ती ब्रशने सुपलीत भरावी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून वर ‘काच’ असे लिहावे, नाहीतर आपली ट्यूब वाचते आणि कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. गटाराचे तुटलेले झाकण किंवा खचलेली फरशी यांची तक्रार करताना नेमकी जागा, तारीख आणि ओळखीची खूण दिसेल असे छायाचित्र जोडावे. ‘रस्ता खराब आहे’ एवढ्या मजकुरावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच सापडत नाही.

सराट्यांची गोष्ट वेगळी. सराटा, म्हणजेच गोखरू, ही जमिनीवर पसरणारी, पाच पाकळ्यांच्या लहान पिवळ्या फुलांची वनस्पती. तिचे फळ वाळल्यावर बहुधा पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागावरच्या टणक काट्यांची रचना अशी असते, की तो भाग कसाही पडला तरी एखादे टोक वरच राहते. त्यामुळे फळे वाळण्याआधीच रोप मुळासकट उपटणे हाच खरा उपाय. बी सांडलेच असेल तर झाडूने ते पूर्ण निघत नाही. जुन्या गालिच्याचा किंवा फोमचा तुकडा त्या जागेवर दाबून फिरवला की काटे त्यात रुततात आणि उचलले जातात. टायरमध्ये सराटा दिसला, हवा टिकून आहे आणि घर जवळ आहे, तर तो तिथल्या तिथे उपटू नये, कारण बरेचदा तोच स्वतःच्या भोकाचे बूच झालेला असतो.

आता पंक्चर झालेच तर. ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या शेजारी टायरवर खडूने खूण करावी. मग ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवावी आणि बुडबुडे जिथून येतात ती जागा व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजावे. तेवढ्याच अंतरावर, खुणेच्या दोन्ही बाजूंना टायर तपासला की अपराधी सापडतो. हे न केल्यामुळे मी एकदा एकाच आठवड्यात एकाच टायरचे तीन वेळा पंक्चर काढले. बोट फिरवून काहीच लागत नव्हते. शेवटी टायर उलटा वाकवला तेव्हा केसाएवढी बारीक पोलादी तार डोकावली. मोठ्या वाहनांचे टायर फाटले की त्यांतल्या पोलादी पट्ट्याच्या अशा तारा रस्त्यावर पडतात. तेव्हापासून मी बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवतो. टोक असेल तिथे त्याचे तंतू अडकतात आणि बोटही वाचते. भोक ट्यूबच्या रिमकडील बाजूला असेल, तर आऱ्यांची टोके झाकणारी पट्टी सरकली आहे का ते पाहावे.

ठिगळ निघून येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घाई. जागा सँडपेपरने घासून खरखरीत करावी, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या भागावर लावावा आणि त्याची ओली चमक पूर्ण जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबावे. मगच ठिगळ मध्यापासून कडांकडे दाबत बसवावे.

पंक्चर वारंवार होत असेल, तर आत संरक्षक पट्टा असलेला टायर हा सर्वांत भरवशाचा खर्च आहे. सायकल थोडी जड होते इतकेच. ट्यूबमध्ये भरण्याचे सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, बारीक काट्यांना पुरते, मोठ्या चिरेपुढे हतबल ठरते, आणि काही महिन्यांनी सुकते. हवा न लागणारे भरीव टायर पंक्चर होत नाहीत हे खरे, पण त्यांचे धक्के मनगटांना आणि पाठीला सोसावे लागतात, म्हणून रोजच्या लांब अंतरासाठी मी ते सुचवणार नाही.

सोबत एक जादा ट्यूब ठेवावी, ती आपल्या रिमच्या भोकात बसणाऱ्याच व्हॉल्व्हची असावी, आणि पिशवीत जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवावी. पान्यांबरोबर उघडी ठेवलेली ट्यूब महिनोन्‌महिने घासली जाऊन गरज पडेपर्यंत पिशवीतच फुटलेली असते.