नोकरी लागली की आधी हा अर्ज करा
परभणीहून ब्रिटनला नोकरीला गेलेला माझा भाचा फोनवर रडवेला झाला होता. समोर चार मेल अर्धवट लिहिलेले, पाठवलेला एकही नाही. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि कामाची आखणी जमत नाही अशी अवस्था. असा त्रास असलेलं आपलं कुणी लेकरू तिकडं असेल तर त्याला ‘ॲक्सेस टू वर्क’ ही तिथली सरकारी योजना जरूर सांगा. कामाची आखणी शिकवणारा प्रशिक्षक, लागणारं सॉफ्टवेअर, यांचा खर्च त्यातून मिळू शकतो, आणि तो फेडायचा नसतो. अर्ज मालकानं नाही, आपणच करायचा. तोही नोकरीच्या पहिल्या 6 आठवड्यांत, कारण तेव्हा पूर्ण खर्च मिळण्याची शक्यता जास्त. मंजुरीआधी काहीच विकत घेऊ नका. अर्जात नुसतं ‘लक्ष लागत नाही’ लिहून भागत नाही. त्या चार अर्धवट मेलांबद्दल लिहा, त्यात गेलेल्या दुपारीबद्दल लिहा.