नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर संगणक सुरू होत नसेल तर

विदर्भातील गावोगावच्या फोटो स्टुडिओंत आणि ऑनलाइन कामांच्या केंद्रांत पुष्कळदा कचेऱ्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप वापरले जातात. लग्नाच्या शूटिंगचे संपादन जमावे म्हणून त्यांत नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा सुटा भाग, बसवले जाते. त्यानंतर स्क्रीन काळीच राहिली, की कार्ड खराब निघाले असा समज होतो. प्रत्यक्षात दोष वीजपुरवठ्यात, बसवण्यात किंवा केबलमध्ये असण्याचा संभव अधिक असतो. हे सारे घरीच तपासता येत असल्यामुळे दुकानाची वारी करण्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम नेमके काय घडते ते नीट बघावे. बटण दाबूनही काहीच हलत नसेल, किंवा पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर लक्ष विजेकडे द्यावे. पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही, अशा वेळी केबल, कार्डाची बैठक आणि बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी मदरबोर्डवरील प्रणाली) यांचा विचार करावा. कंपनीचे बोधचिन्ह दिसून पुढे विंडोज अडकत असेल, तर कार्ड चालू आहे आणि अडचण बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे.

स्क्रीन काळी असल्यास सर्वांत आधी मॉनिटरची केबल पाहावी. ती पुष्कळदा मदरबोर्डच्या (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डच्या) जुन्या जागीच राहिलेली असते, आणि कार्ड लागल्यावर बरेच मदरबोर्ड ती जागा आपोआप बंद करतात. केबल कार्डाच्या मागील जागेत लावावी आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडावे.

त्यानंतर संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मगच झाकण उघडावे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कार्ड काढून स्लॉटमधील (मदरबोर्डवर कार्ड बसते त्या खाचेतील) धूळ ब्रशने साफ करावी. कापसाच्या हंगामात तंतूही आत साचतात. कार्ड पुन्हा सरळ दाबून बसवावे, टोकाची खिट्टी ‘टक्’ आवाजाने लागली पाहिजे. मागचा स्क्रू आवळताना कार्डाचे दुसरे टोक किंचित वर उचलले जाते, त्यामुळे स्क्रू लावल्यानंतर बैठक पुन्हा एकदा पाहावी. याच धांदलीत रॅमची पट्टी सैल होते किंवा लांब कार्डामुळे हार्ड डिस्कची केबल निसटते. तीही दाबून घ्यावी.

खरी गोम मात्र विजेत असते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. कार्डावर अशी जागा असेल आणि तिथे केबल लावलेली नसेल, तर ते चालणार नाही. कचेरीतील जुन्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा अडीचशे वॅटच्या आसपासचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) असतो आणि त्याला ही केबलच नसते. अशा वेळी हार्ड डिस्कच्या साटा केबलवरून वीज घेणारे अ‍ॅडॉप्टर वापरण्याचा मोह टाळावा, कारण साटा जोडणी १२ व्होल्टवर सुमारे ५४ वॅटच सोसते आणि त्यापुढे ती वितळू शकते. प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा प्लग कार्डात दाबून बसवणे त्याहून धोक्याचे, कारण त्याच्या पिनांची मांडणी उलटी असते. कार्डासाठीच्या प्लगवर बहुधा ‘पीसीआय-ई’ असे लिहिलेले असते. एसएमपीएस बदलताना जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला लावू नयेत.

यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि त्यावर प्रिंटरही असल्यास नवा भार त्याला झेपत नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडते त्या गावात, एकदा सकाळी संगणक यूपीएसविना थेट भिंतीवरील विजेच्या बोर्डावर लावून पाहावा. फरक पडला तर दोष कार्डाचा नव्हे.

तरीही स्क्रीनवर काही न आल्यास कार्ड काढून, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जागेत लावून संगणकाच्या मूळ ग्राफिक्सवर तो सुरू करावा. इंटेलच्या ‘एफ’ प्रकारच्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, तिथे जुने कार्ड लावावे. संगणक सुरू झाला तर बायोस अद्ययावत करावा. मात्र त्या वेळी वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी आणि यूपीएस लावूनच करावे. फार जुन्या मदरबोर्डवर नवी कार्डे कधी कधी चालतच नाहीत. बायोस मूळ स्थितीत आणण्यासाठी प्लग काढून मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद करणारी सोय) असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी, अन्यथा पुढे ती मागितली जाऊन डेटा अडकतो.

विंडोज अडकत असेल, तर सुरू होतानाच संगणक दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा पर्याय येतो. तिथून सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांसह सुरू होते त्या स्थितीत) जाऊन जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढावा, मग संगणक नेहमीप्रमाणे सुरू करून नव्याचा टाकावा.

एवढे करूनही काही न घडल्यास कार्ड ओळखीच्या दुसऱ्या संगणकात लावून बघावे. तिथेही बंद असेल, तर बिलासह दुकानात न्यावे. संपूर्ण कॅबिनेट एसटीने किंवा मोटारसायकलवर न्यायचे झाल्यास कार्ड आधी काढून त्याच्या मूळ पिशवीत वेगळे ठेवावे, कारण रस्त्यातील हादऱ्यांनी जड कार्ड स्लॉटच उखडून टाकू शकते.