दवाखान्याचं नेट सारखं जातंय? आधी या चुका टाळा

‘आमच्याकडे दोन लाइनी आहेत हो, तरी नेट बंद!’ दवाखान्यांचे असे फोन मला पावसाळ्यात हमखास येतात. दोन लाइनी असतात, मान्य. पण त्या येतात कुठून, हे गच्चीवर जाऊन कुणी बघितलेलं नसतं.

एका प्रसूतिगृहात दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर होती. गुलमोहराची फांदी पडली आणि दोन्ही ओएनटींवर, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्यांवर, लाल दिवा. बाहेर जाऊन बघतो तर दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकमेकींना बांधून आणलेल्या! वर एका बाळंतिणीचा डिस्चार्ज अडकलेला. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते, पण ते ३ तास हॉस्पिटलची विनंती पोहोचल्यावर सुरू होतात. इथे बिलच जाईना. शेवटी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून फाइल पाठवली.

तेव्हापासून मी दुसरी लाइन फायबरची घेऊच देत नाही. सिमकार्डवर चालणारा राउटर लावतो, तोही फायबरवाली कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीच्या सिमचा. आणि चाचणी घेताना ओएनटीतून राउटरला जाणारी लॅनची वायर काढून ‘बघा, झालं सुरू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. खरा बिघाड बाहेर होतो, तेव्हा ओएनटी आणि राउटरमधली वायर जिवंतच असते. साध्या सेटिंगमधल्या राउटरला वाटतं, सगळं ठीक आहे, आणि तो दुसऱ्या लाइनवर जातच नाही. इंटरनेटवरचा एखादा पत्ता पिंग करून, म्हणजे हाक मारून, उत्तर येतं का ते बघायला त्याला सांगावं लागतं. मी दर महिन्याला एका रविवारी फायबरचं टोक हळूच काढतो, टोपी लावतो आणि चहा पिईपर्यंत दुसरी लाइन चालू झाली का बघतो.

दुसरा माझा राग टाचणीवर. नेट गेलं की राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायची, हे कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतं. ते रीस्टार्ट नव्हे, रीसेट! लाइनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि दहा मिनिटांचा बिघाड दिवसभराचा होतो. बटण बंद करा, चालू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. वीस सेकंदांत पुन्हा बंद करणाऱ्यांनी पेशंटलाही गोळी दिल्या दिल्या ‘बरं वाटतंय का?’ विचारावं. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावतो आणि युजरनेम-पासवर्डची चिठ्ठी डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि ओएनटी साध्या बोर्डावर, असं नको. एक्स-रे खोलीच्या भिंतीत शिसं असेल तर वायफायची आशा सोडा, वायर टाका. पेशंटना वायफाय द्यायचं तर वेगळं गेस्ट नेटवर्क करून द्या. काउंटरचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका.

आणि मला बोलावण्याआधी रिचार्ज संपलाय का बघा. त्याचा मेसेज बहुतेक ठिकाणी नोकरी सोडून गेलेल्या कंपाउंडरच्या नंबरवर जात असतो.