विद्यार्थी वाढतात तिथे पद का निघत नाही? सेट-नेट झालेल्यांसाठी

सेटचा, म्हणजे सहायक प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या राज्य पात्रता परीक्षेचा, निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. जुने विद्यार्थी, त्यांच्या मैत्रिणी, कुणाचा तरी मामेभाऊ. प्रश्न जवळपास एकच, सीएचबीचा, म्हणजे तासिकेमागे मानधनावर शिकवण्याचा. "मॅडम, अमुक कॉलेजात ॲडमिशनला रांगा लागतात. तिथे सीएचबी घेऊ का? एवढी मुलं आहेत म्हटल्यावर पुढेमागे जागा निघेलच ना?"

रांग कोणत्या खिडकीला लागली आहे, ते आधी बघा. सगळं त्यावर आहे.

मी भूगोलाची. सेट होऊन बरीच वर्षं झाली, पीएचडीही झाली आणि आजही मी तासिका तत्त्वावरच शिकवते. त्यामुळे लिहिता लिहिता कुठे आवाज चढला तर समजून घ्या. तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण जे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही, ते तुम्हाला स्पष्टच सांगणार आहे.

जूनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात जाऊन उभं राहा. बीसीए, बीबीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या खिडकीवर पालकांसकट गर्दी असते. बीएच्या खिडकीवर येणारे बरेच जण स्पर्धा परीक्षा करता करता पदवी हातात असावी म्हणून येतात. कॉलेज मागणीप्रमाणे वळतं, त्यात वावगं काहीच नाही. पण वळताना पैसा कुठून येतो ते लक्षात घ्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित, म्हणजे सरकार पगार देत नाही अशा, इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. २००१ पासून नव्या कॉलेजांना परवानगी मिळाली ती 'कायम विनाअनुदानित' म्हणून. जुन्या अनुदानित कॉलेजात सुरू होणारे नवे कोर्सही बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे मुलांच्या फीवर चालणारे. थोडक्यात, मुलं जिथे वाढतात तिथे सरकारी पगाराचं पद नाही, आणि पद जिथे आहे तिथे मुलं कमी होत चालली आहेत. आपण नेमके या दोघांच्या मधे उभे आहोत.

आता ज्या गोष्टीत मी अडकले ती जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

मला पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा एफवायबीएचा वर्ग तुडुंब भरलेला असायचा. मागच्या बाकावर चार-चार मुलं. विभागप्रमुख म्हणायचे, "वर्कलोड भरपूर आहे, जागा निघणारच." सगळ्या स्टाफरूमचं तेच मत होतं. मग एकदा ऑफिसातल्या ओएस (ऑफिस अधीक्षक) काकांनी मला वर्कलोडचं, म्हणजे विषयाच्या एकूण तासांचं, पत्रक दाखवलं. निवृत्तीला आलेला माणूस, टेबलावर पट्टी आणि खोडरबर कायम तयार. पत्रकात भूगोलापुढे वर्ग लिहिलेले, प्रत्येक वर्गापुढे तुकडी अ आणि तुकडी ब. ब तुकडीसमोर पेन्सिलीने 'वि.अ.' अशी दोन अक्षरं, म्हणजे विनाअनुदानित. माझे सगळे तास ब तुकडीचे. काकांनी पट्टी आडवी धरून बेरीज करून दाखवली. अ तुकडीचे तास खालच्या एकूण बेरजेत उतरत होते, ब तुकडीचे तास वेगळ्याच पानावर जात होते. ते पान उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात पदासाठी कुणी बघतच नाही.

म्हणजे झालं काय? मुलं वाढली तेव्हा कॉलेजने अतिरिक्त तुकडीची परवानगी घेतली, पण ती विनाअनुदान तत्त्वावर. इमारत एकच, मस्टर एकाच टेबलावर, मुलांना कोण कोणत्या तुकडीत याचा पत्ताही नाही. सरकारदरबारी मात्र ते दोन वेगळे संसार. मी त्या तुकडीला कितीही वर्षं शिकवलं असतं तरी अनुदानित पदाच्या हिशेबात माझा एकही तास धरला गेला नसता. आणि कलाशाखेची मुलं कमी व्हायला लागली तेव्हा आधी बंद झाली ती ब तुकडीच.

पदाचं गणितही समजून घ्या. सहायक प्राध्यापकाच्या एका पूर्ण पदाला आठवड्याचे १६ तास अध्यापन लागतं, म्हणजे ४८ मिनिटांच्या २० तासिका. अनुदानित बाजूला विषयाच्या ५० तासिका भरत असतील तर त्यातल्या ४० तासिकांची मिळून दोन पदं, आणि उरलेल्या १० सीएचबीला. हा उरलेला तुकडा म्हणजे आपण. पण पद कागदावर बसतं म्हणून ते भरलं जातंच असंही नाही. आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), बिंदुनामावलीची (पदांच्या आरक्षणाच्या क्रमाची) तपासणी, शासनाचं ना हरकत, मग जाहिरात. २०१७ मध्ये भरती थांबली. २०१८ मध्ये राज्यभरासाठी ३,५८० पदांना परवानगी मिळाली, २०२१ मध्ये त्यातल्याच न भरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा. हा आकडा सगळ्या विषयांचा आणि सगळ्या विद्यापीठांचा मिळून आहे, हे डोक्यात ठेवा आणि मग "आमच्याकडे जागा निघणार" हे वाक्य ऐका.

आणखी एक. विद्यापीठाची मान्यता आली की घरी पेढे वाटतात. विद्यापीठ एवढंच सांगतं की तुम्ही पात्र आहात आणि निवड रीतसर झाली. पगार सरकार देणार की संस्था, हे त्या पत्रावरून ठरत नाही. विनाअनुदानित नेमणुकीलाही विद्यापीठ मान्यता देतं.

मग गर्दीच्या कोर्सकडे वळावं का? माझी एक मैत्रीण बीबीएला कंत्राटावर होती. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले, राज्यात प्रवेशासाठी सीईटी सक्तीची झाली, आणि कितीतरी जागा रिकाम्या राहिल्या. काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम थोड्या फरकाने दुसऱ्या नावाखाली सुरू केला. मैत्रिणीचं कंत्राट त्या वर्षी पुढे सरकलं नाही. इंजिनीअरिंगमध्येही हेच. मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. एआयसीटीईने काही वर्षं नवी कॉलेजं देणंच थांबवलं. मग २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली आणि नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. मागणी दोन-तीन वर्षांत फिरते. आपली एमए, सेट, पीएचडी मिळून आठ-दहा वर्षं जातात. गर्दी बघून विषय बदलणाऱ्याला ती कधीच गाठता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

बीएड करून शाळेकडे निघालेल्यांनाही हेच लागू. आरटीईप्रमाणे (शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे) पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. गावातली दहा मुलं स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसली की जिल्हा परिषदेच्या शाळेतलं एक पद जातं आणि असलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून तर शिक्षक सुट्टीत घरोघर फिरतात आणि सेमी इंग्रजी सुरू करतात.

आता धीराचं बोलते, कारण तेही खरंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. वाणिज्यची मुलं भूगोलाच्या वर्गात येऊन बसू शकतात, हे आमच्या विषयाच्या नशिबी पूर्वी कधी नव्हतं. आपत्ती व्यवस्थापन, पर्यटन, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) असे पेपर जो विभाग नीट आखतो, त्याचे तास टिकतात. आमच्याकडे मुलांनी मोबाइलवर जीपीएस लावून गावातल्या विहिरी नकाशावर उतरवल्या. पुढच्या सत्रात त्या पेपरला नावं नोंदवायला मुलं स्वतःहून आली. तुम्ही तरुण आहात, हे तुम्हाला जुन्या प्राध्यापकांपेक्षा चांगलं जमतं. विभागात गेल्यावर असा एक पेपर अंगावर घ्या.

वाटाड्यांबद्दल मात्र सावध राहा. पीएचडीचे गाइड कितीही मोठे असले तरी त्यांना वर्कलोडची माहिती असेलच असं नाही. त्यांची नोकरी वेगळ्या काळात लागली. ऑफिस अधीक्षकांकडे बसा, चहा घ्या, विचारा. एका महिन्यात सेट करून देतो अशा जाहिराती करणारे क्लास, तयार प्रबंध विकणारे, पैसे घेऊन पेपर छापणारी जर्नल्स, यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. आणि "अमुक लाख तयार ठेवा, जागा तुमचीच" असं कुणी सांगत आलं तर आईवडिलांची जमीन विकू नका. हे मी हात जोडून सांगते. तसा व्यवहार करून आलेले लोकही मान्यतेविना बसलेले मी पाहिले आहेत.

आपली महाराष्ट्राची सेट गोव्यालाही चालते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. तिथल्या सरकारी कॉलेजांच्या जागा गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरतात. कोकणी यावी लागते, त्याची तयारी आजच सुरू करा.

रुजू होण्याआधी ऑफिसात चार गोष्टी विचारा. माझे तास कोणत्या तुकडीचे, ती अनुदानित आहे का? या विषयाची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? भरलेल्यांपैकी कोण कधी निवृत्त होतंय? रिक्त पदाचा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा आहे? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तरी विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. उत्तरं मनासारखी नसली तरी सीएचबी घ्यायला हरकत नाही, शिकवण्याचा हात बसतो. फक्त तिथे किती वर्षं काढायची ते घरच्यांशी बोलून आधीच ठरवा आणि प्रत्येक वर्षाची ऑर्डर, मान्यतेचं पत्र आणि मानधनाच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवा. मुलाखतीच्या दिवशी अनुभवाचा दाखला मागतात, आणि तोवर जुने प्राचार्य बदललेले असतात.