रीमॅप केलेली टर्बो गाडी तापते तेव्हा दोष कसा शोधावा

रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून ताकद वाढवणे), मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी), मोकळा एक्झॉस्ट अशी कामे करून घेतलेल्या टर्बो पेट्रोल गाड्या ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बऱ्याच दिसतात, आणि मार्च उजाडला की त्यांच्या मालकांची एक ठरलेली तक्रार सुरू होते: गाडी तापते. त्यावरचा उपायही बहुधा ठरलेला असतो. आधी थर्मोस्टॅट (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव तापला की त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला जातो, मग मोठा रेडिएटर बसतो, मग वॉटर पंप बदलला जातो, आणि एवढा खर्च होऊनही तापमान चढतेच. माझे आग्रहाचे सांगणे असे, की एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी गाडी नेमकी कधी आणि कोणत्या रस्त्यावर तापते याची नोंद करावी, कारण निम्मे निदान त्या नोंदीतच असते.

नोंदीसाठी डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये. चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून अनेक कंपन्या हा काटा तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मधोमधच स्थिर ठेवतात. तो हलू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या सॉकेटला) लावायचा साधा ब्लूटूथ रीडर घ्यावा आणि कूलंटचे तापमान, टर्बोनंतर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान आणि ठिणगीची वेळ या तीन गोष्टी मोबाइलवर नोंदवाव्यात.

आता गाडी दोन प्रकारच्या रस्त्यांवर न्यावी. संध्याकाळी माजिवड्याहून घोडबंदर रोडने कासारवडवलीकडे जाताना गाडी एसी चालू ठेवून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. तिथे इंजिनावर भार नसतो, पण समोरून वाराही नसतो. याउलट कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून खोपोलीपुढचा घाट चढताना वारा भरपूर मिळतो आणि भारही सलग राहतो. कोंडीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी पंखा किंवा हवेच्या वाटेतील दोष दाखवते. कोंडीत ठीक राहून घाटात तापणारी गाडी कूलंटचा अपुरा प्रवाह, बुजलेला रेडिएटर किंवा चुकीचे ट्यूनिंग यांच्याकडे बोट दाखवते. दोन्हीकडे तापत असेल, किंवा कधी तापते याला काही नेमच नसेल, तर गळती, अडकलेली हवा आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचा हेड यांमधले सील) यांचा संशय घ्यावा.

कोणताही प्रकार असला तरी पहिली तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. कूलंटची पातळी पाहावी आणि झाकणाचे रबर बोटाने चाचपावे. प्रेशर कुकरसारखेच हे झाकण दाब धरून ठेवते आणि त्यामुळे उत्कलनबिंदू वर जातो: वातावरणाच्या दाबाखाली १०० अंशांना उकळणारे साधे पाणी आणखी १ बार दाब मिळाला की सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक होऊन चिरले असेल तर हा सगळा फायदा जातो आणि निरोगी इंजिनही उकळी आणते. होज पाइपच्या क्लिपांभोवती किंवा वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला वाळलेला पांढरट किंवा गुलाबी थर दिसला, तर ती गळतीची खूण समजावी. गॅरेजमध्ये हातपंपाने दाब भरून ही गळती थोड्या वेळात पकडता येते.

कोंडीत तापणाऱ्या गाडीचा एसी सुरू करून पंखा फिरतो का ते पाहावे. फिरत असेल तर वर्तमानपत्राचे पान पुढच्या जाळीवर धरावे. ते आत ओढले जाऊन चिकटले पाहिजे. पान बाहेर फडफडले तर बाहेरून बसवलेल्या पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत आणि तो येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध फुंकतो आहे. पान अर्धवटच चिकटले तर मल्टिमीटर हाती घ्यावा: पंखा चालू असताना बॅटरीवरचे आणि पंख्याच्या कनेक्टरवरचे व्होल्टेज मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक फरक असेल तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. रिले न लावता थेट स्विचवरून चालवलेल्या पंख्यांचा कनेक्टर उघडला, की आतले प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेभोवती वितळलेले हमखास सापडते.

हवेची वाट हा या गाड्यांचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे माझे मत आहे. समोर बसवलेला इंटरकूलर, त्यामागे एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर अशी रचना असल्याने रेडिएटरला मिळणारी हवा आधीच दोनदा तापलेली असते. त्यातच इंटरकूलर बसवताना बंपरच्या आतील प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या जातात, इंजिनाखालचे आवरण काढून ठेवले जाते, आणि हवा सोपी वाट धरून रेडिएटरच्या कडेने निसटते. या फटी जाड फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात, पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा आडोसा परत लावावा आणि खालचे आवरण जागेवर बसवावे. नव्या रेडिएटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि गुण बहुतेकदा मोठा येतो. पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या पाकळ्यांत बसलेला चिखल इंजिनाच्या बाजूकडून पुढे, हलक्या धारेने धुवावा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाकळ्या आडव्या पडतात. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या अॅल्युमिनियमच्या पाकळ्या बोट लावताच भुगा होऊन गळू लागल्या असतील, तर मात्र रेडिएटर बदलण्यावाचून इलाज नाही.

घाटात तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकू नये, हे मी ठामपणे सांगतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परततो, आणि नेमका भाराखाली त्रास वाढतो. शिवाय एरवी इंजिन थंड राहत असल्याने ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा पेट्रोल सोडत राहतो. संशय असेल तर थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडतो का ते पाहावे. रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून मध्येच थंड पट्टे आढळले तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत. रस्त्यात गळती थांबवण्यासाठी हळद किंवा बाजारू पावडर टाकण्याच्या युक्तीचे पुढचे फळ बहुधा हेच असते. खालचा होज पाइप जास्त आरपीएमला आत चिमटतो का, तेही एकाने इंजिन रेस करून आणि दुसऱ्याने लांबून पाहून तपासावे.

हे सगळे ठीक निघाले तर ट्यूनरकडे जावे. रीमॅप प्रीमियम पेट्रोलवर केलेला असेल आणि टाकीत साधे पेट्रोल असेल, तर नॉक (इंजिनातले मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा देतो. त्यामुळे ताकद घटते आणि जास्त उष्णता एक्झॉस्ट, टर्बो आणि हेडमध्ये उतरते. घाटातल्या नोंदीत तापमान चढण्याआधीच ठिणगी मागे सरकू लागलेली दिसली तर दोष रेडिएटरमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे. बोअरवेलच्या पाण्याने क्षार धरतात. निम्म्याहून जास्त कूलंट घातल्याने गाडी जास्त थंड राहत नाही, उलट मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते. भरल्यावर हवा काढणे अनिवार्य आहे: गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी.

थंड इंजिन सुरू करताच काही मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा गळती दिसत नसतानाही पातळी घटत असेल, तर वाढवलेल्या बूस्टपुढे (टर्बोच्या हवेच्या दाबापुढे) हेड गॅस्केटने हार मानली असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी निळ्या द्रवाची ज्वलन-वायू चाचणी करून घ्यावी. द्रव पिवळा झाला तर गाडी चालवणे थांबवून टो करूनच हलवावी.

चालत्या गाडीचे तापमान चढू लागले तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, वेग कमी करावा आणि गायमुखच्या चढासारख्या अरुंद जागी न थांबता पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबावे. लाल इशारा पेटला किंवा वाफ दिसली तर मात्र जागा न शोधता लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळी नवी नोंद घेऊन जुन्या नोंदीशेजारी ठेवावी.