मेनफ्रेमवरील बॅच प्रोग्रामला इनपुट डेटा कसा द्यावा
बॅच प्रोग्राम चालू असताना त्याला कोणाला काही विचारता येत नाही; त्यामुळे त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट जॉब सबमिट करण्यापूर्वीच जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा हे सिस्टिमला सांगणारी भाषा) ठरवून द्यावी लागते. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्यासाठी तीन मुख्य मार्ग आहेत: प्रोग्राम चालवणाऱ्या एग्झेक स्टेटमेंटवरील पार्म (पॅरामीटर), जेसीएलमध्येच लिहिलेला इन-स्ट्रीम डेटा आणि डीडी स्टेटमेंटने (प्रोग्रामला डेटा जोडणारी ओळ) जोडलेला डेटासेट, म्हणजे फाइल.

रन-डेट किंवा शाखेचा कोड यांसारख्या एकदोन छोट्या मूल्यांसाठी पार्म योग्य ठरतो. त्याची मर्यादा १०० अक्षरांची आहे. कोबोलमध्ये तो लिंकेज सेक्शनमध्ये (बाहेरून आलेल्या डेटाचे वर्णन करणारा भाग) घ्यावा लागतो: आधी दोन बाइटांचे बायनरी लांबी-क्षेत्र, त्यामागे प्रत्यक्ष मजकूर, आणि प्रोसिजर डिव्हिजनच्या यूझिंगमध्ये या ग्रुपचे नाव. सर्वाधिक चुका येथेच होतात. मजकुराचे क्षेत्र २० बाइटांचे घोषित केले आणि जॉबने ८ अक्षरेच पाठवली, तर उरलेल्या १२ बाइटांत रिक्त जागा असतील असे मुळीच गृहीत धरू नये. ती मेमरी आपली नव्हे. म्हणून प्रथम लांबी तपासावी, ती शून्य असेल तर स्पष्ट संदेश देऊन प्रोग्राम थांबवावा, आणि एरवी तेवढीच अक्षरे वर्किंग-स्टोरेजमध्ये (प्रोग्रामची स्वतःची मेमरी) उचलावीत. तारीख तिरक्या रेघा घालून देऊ नये, कारण लँग्वेज एन्व्हायर्नमेंट (प्रोग्राम चालताना लागणारी रनटाइम यंत्रणा) तिरक्या रेघेने प्रोग्रामचा मजकूर आणि रनटाइम ऑप्शन वेगळे करते. २०२४०८१५ असे सलग लिहिणे सुरक्षित. १०० अक्षरे अपुरी पडत असतील, तर झेड/ओएस २.१ पासून पार्मडीडी (पार्मचा मजकूर डीडीने जोडलेल्या डेटासेटमधून घेण्याची सोय) उपलब्ध आहे, मात्र जॉबच्या एकाच स्टेपवर पार्म आणि पार्मडीडी दोन्ही देता येत नाहीत.

नियंत्रणाच्या ओळी अनेक असतील, तर सिसइन या नावाने डीडी * देऊन त्या खाली लिहाव्यात. त्यांचा शेवट /* या ओळीने होतो. डेटाच // ने सुरू होत असेल, तर डीडी डेटा वापरावा. एडिटरमध्ये नंबरिंग चालू राहिले, तर ७३ ते ८० या स्तंभांतील अनुक्रमांकही डेटा म्हणून प्रोग्रामकडे जातात, ही बाब सहज नजरेतून सुटते. जेसीएलमधील सिंबॉल (मूल्याच्या जागी वापरलेली नावे) या ओळींत आपोआप बदलले जात नाहीत; त्यासाठी एक्स्पोर्ट स्टेटमेंटवर सिमलिस्ट आणि डीडीवर सिंबॉल्स=जेसीएलओन्ली द्यावे लागते. दररोज बदलणारी मूल्ये प्रॉडक्शन जेसीएलमध्ये हाताने लिहिण्यापेक्षा ती पीडीएसच्या (अनेक मेंबर असलेला डेटासेट) मेंबरमध्ये ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण मग जेसीएलला हात लावावा लागत नाही.

व्यवहारांच्या नोंदी मात्र डेटासेटमधूनच द्याव्यात. कोबोलच्या सिलेक्टमधील असाइनचे नाव डीडीच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे आणि केवळ वाचायच्या फाइलसाठी डिस्प=एसएचआर (इतरांसोबत सामायिक वापर) पुरते. प्रत्येक फाइलला फाइल स्टेटस (क्रियेचा निकाल सांगणारा दोन अंकी कोड) जोडून ओपननंतर तो तपासावा: ३५ म्हणजे आवश्यक फाइल सापडली नाही, आणि ३९ म्हणजे रेकॉर्डची लांबी किंवा अन्य गुणधर्म प्रोग्रामशी जुळत नाहीत. इनपुट रिकामे असताना प्रोग्राम कसा वागतो हे पाहण्यासाठी डीडी डमी (प्रत्यक्ष फाइल न जोडणारे डीडी) द्यावे; पहिल्याच रीडला फाइल संपल्याचा स्टेटस १० मिळतो.