लिंडबर्ग अपहरण खटल्याचा पुरावा कसा तपासावा

१ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, होपवेलजवळच्या एका घराच्या वरच्या मजल्यावरून विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या वीस महिन्यांच्या मुलाला पळवून नेण्यात आले. खिडकीपाशी ५०,००० डॉलर मागणारी चिठ्ठी आणि बाहेर मोडलेली, घरीच बनवलेली शिडी सापडली. खंडणी दिल्यानंतरही मूल परत आले नाही, आणि १२ मे रोजी घरापासून काही मैलांवर त्याचा मृतदेह मिळाला. या गुन्ह्यासाठी ब्रुनो रिचर्ड हाउप्टमान या जर्मनीहून आलेल्या सुताराला १३ फेब्रुवारी १९३५ रोजी दोषी ठरवण्यात आले आणि ३ एप्रिल १९३६ रोजी ट्रेंटनच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. निकालाविषयीचा वाद मात्र आजही चालू आहे. हा वाद ज्याला स्वतः समजून घ्यायचा आहे, त्याने कोणाचा तरी तयार सिद्धांत हाती घेण्याआधी पुराव्याची मांडणी स्वतः करावी.

त्यासाठी प्रथम तीन प्रश्न वेगळे करावेत: हाउप्टमानचा गुन्ह्यात हात होता का, तो एकटाच होता का, आणि त्याच्यावरील खटला न्याय्य होता का. बहुतेक वाद या प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे भरकटतात. खटला सदोष होता म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही, आणि आरोपी दोषी असला तरी त्यामुळे खटल्यातले दोष धुऊन निघत नाहीत.

यानंतर कागदावर एक उभी रेघ ओढून तिच्या माथ्यावर १९ सप्टेंबर १९३४ ही हाउप्टमानच्या अटकेची तारीख लिहावी. अटकेपूर्वी तयार झालेला पुरावा डावीकडे आणि नंतरचा उजवीकडे नोंदवावा. डावीकडच्या पुराव्याला कोणाचा चेहरा समोर नव्हता. उजवीकडच्या प्रत्येक गोष्टीला, नकळत का होईना, एक ठरलेला आरोपी मिळालेला होता. माझ्या मते या एका रेघेने निम्मा गोंधळ कमी होतो.

डावीकडे सर्वांत भक्कम आहे ती नोटांची यादी. २ एप्रिल १९३२ रोजी ब्राँक्समधील सेंट रेमंड दफनभूमीत लिंडबर्ग यांच्या वतीने मध्यस्थी करणाऱ्या जॉन काँडन या निवृत्त शिक्षकाने खंडणीचे ५०,००० डॉलर एका अनोळखी माणसाच्या हाती दिले. त्या नोटांचे क्रमांक आधीच नोंदवून ठेवले होते आणि त्यांत गोल्ड सर्टिफिकेट, म्हणजे सोन्याच्या बदल्यात वटणाऱ्या नोटा, मुद्दाम घातल्या होत्या. १९३३ मध्ये सरकारने सोन्यासोबत अशा नोटाही परत मागवल्यामुळे त्या चलनात उठून दिसू लागल्या. सप्टेंबर १९३४ मध्ये पेट्रोल भरून घेणाऱ्या एका गिऱ्हाईकाने दहा डॉलरची अशी नोट दिली, तेव्हा पंपावरील माणसाने तिच्या कडेला गाडीचा क्रमांक लिहून ठेवला: ४यू-१३-४१. ती गाडी हाउप्टमानची निघाली आणि त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीतले १४,००० डॉलरहून अधिक लपवलेले सापडले. इसिडोर फिश नावाच्या भागीदाराने जर्मनीला जाताना ही रक्कम बुटांच्या खोक्यात ठेवायला दिली, असे हाउप्टमानने सांगितले. पण फिश मार्च १९३४ मध्येच लाइपझिग येथे मरण पावला होता, त्यामुळे दुजोरा देणारे कोणी उरले नव्हते.

शिडीचा पुरावा रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. लाकूडतज्ज्ञ आर्थर कोएलर यांनी काही फळ्यांवर उमटलेल्या यंत्राच्या रंध्याच्या खुणा अभ्यासल्या, शेकडो गिरण्यांशी पत्रव्यवहार केला, आणि १९३३ च्या अखेरीस, म्हणजे हाउप्टमानचे नाव कोणाला ठाऊक नसताना, ब्राँक्समधल्या एका लाकडाच्या वखारीपर्यंत माग काढला. हाउप्टमानने त्याच वखारीतून लाकूड घेतले होते, हे नंतर उघड झाले. याउलट शिडीची ‘सोळा’ क्रमांकाची पट्टी त्याच्या माळ्यावरील फळीतून कापलेली आहे, हा शोध अटकेनंतर लागला. त्या पट्टीला जुन्या चौकोनी खिळ्यांची चार भोके होती आणि ती माळ्याच्या तुळयांमधील भोकांशी जुळली, असे कोएलर यांनी न्यायालयात दाखवले. आधीच्या झडत्यांमध्ये ती तुटकी फळी कोणाच्या नजरेस आली नव्हती आणि घर पोलिसांच्या ताब्यात होते, यावर शंकेखोरांचा सारा भर आहे. शंका रास्त आहे; पण पुरावा रचला असे म्हणणाऱ्याने चार भोके, लाकडाची वर्षवलये आणि वखारीचा आधीचा माग या तिन्हींचे उत्तर दिले पाहिजे.

साक्षीदारांनी पटवलेल्या ओळखीला मात्र कमीत कमी वजन द्यावे. लिंडबर्ग यांनी दफनभूमीबाहेर गाडीत बसून काँडन यांना दुरून मारलेली ‘हे, डॉक्टर’ अशी एक हाक ऐकली होती आणि अडीच वर्षांनी तो आवाज हाउप्टमानचाच असल्याचे शपथेवर सांगितले. काँडन यांनी अटकेनंतरच्या ओळख परेडमध्ये ठाम ओळख द्यायचे टाळले. न्यायालयात ती निःशंकपणे दिली. शिडी असलेल्या गाडीत आरोपीला पाहिल्याचे सांगणारे अमांडस हॉखमुथ ८७ वर्षांचे होते आणि त्यांच्या दृष्टीविषयी गंभीर आक्षेप आहेत. खंडणीच्या चिठ्ठ्यांमधील हस्ताक्षराचा पुरावा याहून बरा, पण तुलनेसाठीचे काही नमुने पोलिसांनी अटकेनंतर लिहवून घेतले होते, हे विसरू नये.

खटल्याची न्याय्यता तपासताना सरकारी वकील डेव्हिड विलेन्ट्झ यांचे पहिले आणि शेवटचे भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचावे. सुरुवातीला शिडी मोडून मूल पडले आणि त्यात ते दगावले, अशी त्यांची मांडणी होती. शेवटी त्यांनी मुलाला खोलीतच ठार मारले असावे असे सुचवले, जेव्हा बचाव पक्षाला नव्या मांडणीविरुद्ध पुरावा आणण्याची संधी उरली नव्हती. त्यावेळी न्यू जर्सीत केवळ अपहरणासाठी मृत्युदंड नव्हता. म्हणून घरफोडी करताना झालेला मृत्यू हा खून, अशा वाटेने आरोप उभा करण्यात आला आणि मुलाच्या अंगावरील झोपण्याच्या पोशाखाची चोरी हा त्या घरफोडीचा आधार ठरला. फ्लेमिंग्टनच्या लहानशा न्यायालयात पत्रकारांची तोबा गर्दी होती. बचावाचे प्रमुख वकील एडवर्ड रायली यांचे शुल्क एका वृत्तपत्रसमूहाकडून येत होते, आणि त्यांनी मृतदेहाच्या ओळखीचा मुद्दा सहजासहजी मान्य करून आपल्याच सहकाऱ्याला, लॉइड फिशर यांना, संतप्त केले.

‘तो एकटाच होता का’ या प्रश्नावर न्यायालयाने फारसा वेळ घालवला नाही. गव्हर्नर हॅरल्ड हॉफमन यांना याच मुद्द्याने पछाडले होते आणि त्यांनी जानेवारी १९३६ मध्ये शिक्षेला तीस दिवसांची स्थगिती दिली. ज्याला मूळ कागद पाहायचे असतील त्याच्यासाठी न्यू जर्सी राज्य पोलिसांचा वेस्ट ट्रेंटन येथील संग्रह १९८१ पासून खुला आहे. तिथे जाण्यापूर्वी साक्षींचे प्रतिवृत्त वाचून आपले दोन रकाने भरून ठेवावेत. मग कुठलाही नवा सिद्धांत समोर आला, तर त्याला प्रथम गॅरेजमधल्या नोटांचा हिशेब विचारावा.